घरधनी संत लुई मार्टिन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने भरलेल्या कुटुंबप्रमुखांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या चालक मंडळींनी आम्हांस सांगितले की, आज संध्याकाळी घरोघरचे कर्ते पुरुष जमणार आहेत, तरी एखाद्या उदार व सर्वांस प्रिय अशा गृहस्थाचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवावे. विषय उत्तम आहे, परंतु त्यात एक अडचण होती. या आपल्या धर्मग्रामातच असे गृहस्थ होऊन गेले आहेत की, त्यांच्या नावांनी आमची वही भरेल. आणि एकाचे नाव घ्यावे तर दुसऱ्याची नातवंडे समोरच्या बाकावर बसलेली असणार! पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला एवढा व्यवहार कळला पाहिजे. म्हणून आम्ही आपला मार्ग थोडा दूरचा धरला आहे. ज्या घरधन्याविषयी आम्ही बोलणार आहोत तो फ्रान्स देशातील एक घड्याळजी होता. तुम्ही त्याला ओळखीत नसाल. परंतु त्याच्या धाकट्या कन्येस तुम्ही सर्व ओळखता, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात तिची तसबीर आहे.

होय, बाळयेशूची संत तेरेजा. हातात क्रूस व गुलाबाची फुले घेतलेली ती तरुण कार्मेल धर्मभगिनी आपल्या आयाबहिणींची किती लाडकी आहे हे सांगावयास नको. तिच्या वडिलांचे नाव लुई मार्टिन. आम्ही सेमिनरीत असताना तेरेजाचे आत्मचरित्र वाचले होते. परंतु खरे सांगावयाचे तर वडिलांविषयीची पाने आम्ही तेव्हा भराभर उलटली. तरुण माणसाला मठातील साहसे हवी असतात; म्हाताऱ्या बापाच्या दुखण्यात त्याचे मन रमत नाही. ती पाने आम्ही पुन्हा वाचली ती अलीकडे, आणि ती का वाचावी लागली हे ओघाने येईलच.

लुई यांचा जन्म 22 ऑगस्ट 1823 रोजी बोर्दो शहरी झाला. त्यांचे वडील सैन्यात कप्तान होते. त्यामुळे बाळपण छावण्यांच्या शिस्तीत गेले आणि पुढे हे कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलांसों या गावी येऊन स्थिर झाले. मुलाने घड्याळजीचा धंदा शिकण्यास आरंभ केला. हे काम सावकाशीचे, एकाग्रतेचे आणि पुष्कळसे एकांताचे. अशा कामात त्यांचे मन देवाकडे वळले. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे 1845 साली, ते आल्प्स पर्वतावरील सेंट बर्नार्ड मठाच्या दारी गेले आणि आपणास प्रवेश द्यावा अशी विनंती त्यांनी केली. मठाच्या प्रमुखाने प्रेमाने चौकशी केली व विचारले, लॅटिन येते काय? येत नव्हते. तेव्हा शिकून या, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी शिकवणी लावली, झटून पाहिले, प्रकृती बिघडली, आणि शेवटी तो नाद सोडला. सेमिनरीत त्या भाषेशी आम्ही स्वतः जी झटापट केली ती आठवून आम्हांस या तरुणाविषयी मनापासून सहानुभूती वाटते. मात्र त्यांना ती आली असती, तर फ्रान्सला एक मठवासी अधिक मिळाला असता आणि ख्रिस्तसभेला तेरेजा मिळाली नसती.

1850 साली लुई यांनी आलांसों येथे आपले दुकान थाटले. पुढे घड्याळांच्या जोडीस दागिन्यांचाही व्यापार सुरू झाला. त्या भागात खेड्यापाड्यांतील शेतकरी रविवारी मिस्सेला गावात येत आणि मिस्सा आटोपली की बाजार करीत. लग्नाची अंगठी घ्यावयाची तर तीही रविवारीच. इतर जवाहिरे त्या दिवशी दुकान उघडे ठेवीत. लुई यांचे दुकान बंद असे. मित्रांनी समजूत घातली की, निदान बाजूचे दार तरी किलकिले ठेवावे, म्हणजे रस्त्यावरून कोणास दिसणार नाही आणि गिऱ्हाईकही जाणार नाही. ते त्यांनी मानले नाही. आम्हांस या गोष्टीत त्यांच्या धर्मनिष्ठेइतकेच त्यांच्या सरळपणाचे कौतुक वाटते. देवासाठी बंद केलेल्या दुकानाला मागचे दार नसावे, एवढे त्यांना कळत होते. आणि ज्यांची दुकाने आहेत त्यांना आमच्या म्हणण्याचा अर्थ आम्ही अधिक फोडून सांगत नाही.

13 जुलै 1858 रोजी, त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे मध्यरात्री, त्यांचा विवाह झेली गेरँ या तरुणीशी आलांसोंच्या पवित्र मातेच्या देवळात झाला. झेली हिनेही मठात जाण्याची इच्छा धरली होती व तिलाही नकार मिळाला होता. ती सुईने विणलेल्या लेसची कारागीर होती. आलांसोंची लेस त्या काळी साऱ्या युरोपात नावाजलेली होती, आणि झेलीचा तर स्वतःचा व्यवसाय होता. अनेक बाया घरी बसून तिच्यासाठी तुकडे विणीत, आणि ते तुकडे जोडण्याचे अति कठीण काम ती आपल्या हाताने करी. येथे कुटुंबप्रमुखांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. पत्नीचा धंदा वाढला, तिला एकटीला तो झेपेना, तेव्हा 1870 साली लुई यांनी आपले घड्याळांचे दुकान पुतण्यास, की भाच्यास म्हणा, घरातल्याच एका तरुणास दिले आणि स्वतः पत्नीच्या व्यवसायाचे हिशेब, प्रवास व पत्रव्यवहार पाहू लागले. वीस वर्षे आपल्या नावाने चालविलेले दुकान सोडून बायकोच्या धंद्यात तिचा हाताखालचा माणूस होणे, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वी! आमच्या ओळखीच्या कितीतरी सज्जनांना हे आजही जड जाईल.

या दांपत्यास नऊ अपत्ये झाली. त्यांतील चार लहानपणीच देवाघरी गेली: दोन मुलगे, एक तान्ही मुलगी, आणि पाच वर्षांची एलेन. एक तरी मुलगा धर्मगुरू व्हावा, मिशनरी होऊन दूर देशी जावा, अशी आईबापांची फार इच्छा होती. दोन्ही मुलग्यांची नावे त्याच आशेने संत योसेफाला अर्पण केलेली होती, आणि दोन्ही मुलगे वर्षाचे होण्यापूर्वीच गेले. शेवटचे अपत्य 2 जानेवारी 1873 रोजी झाले, ती तेरेजा. पुढे 1927 साली पोप अकरावे पायस यांनी याच मुलीला मिशन कार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले. जिने मठाची भिंत कधी ओलांडली नाही ती सर्व मिशनरींची रक्षक झाली, आणि आपल्यासारख्या देशांतील ख्रिस्ती मंडळी तिच्या छत्राखाली आली. आईबापांनी मागितले होते एका मुलासाठी. परंतु हे पाहावयास त्या दोघांपैकी कोणीही उरले नव्हते.

आता लुई यांच्या उदारपणाविषयी. ते श्रीमंत नव्हते, परंतु सुस्थितीत होते, आणि संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या संस्थेचे सभासद होते. म्हणजे गरिबाच्या घरी स्वतः जाऊन त्याची विचारपूस करणे हा त्यांचा नेम होता. मासे धरण्याचा त्यांना मोठा छंद. आपल्यातील दर्यावर्दी मंडळी हसतील, कारण हे मासे धरणे म्हणजे नदीकाठी गळ टाकून शांत बसणे. तथापि टोपली भरली की ती पुष्कळदा गावातील क्लारा मठाच्या दारी जाई, कारण त्या धर्मभगिनी भिक्षेवर राहत. हे झाले सोपे दान. दोन प्रसंग याहून निराळे आहेत.

एकदा रेल्वेच्या स्टेशनवर त्यांना फेफरे येणारा एक गरीब मनुष्य दिसला. त्याच्यापाशी खायला नव्हते आणि गावी परतण्यास तिकिटाचे पैसे नव्हते. लुई यांनी आपली टोपी काढली, तीत प्रथम स्वतःचे नाणे टाकले आणि ती हातात धरून ते एकेका उतारूपुढे उभे राहिले. पैसे जमले. त्या मनुष्याच्या डोळ्यांस पाणी आले. आम्ही हा प्रसंग वाचताना थोडा वेळ थांबलो. तिकिटाची सगळी रक्कम ते स्वतःच्या खिशातून देऊ शकले असते असे आम्हांस वाटते. ते अधिक सोपे झाले असते, आणि चार लोकांत टोपी पसरण्याचा संकोचही वाचला असता. परंतु त्यांनी त्या गरिबाच्या जागी उभे राहून त्याच्यासाठी भीक मागितली. गावातला प्रतिष्ठित घड्याळजी आणि फेफरेकरी भिकारी या दोघांमधले अंतर त्यांनी त्या टोपीने पुसून टाकले.

दुसरा प्रसंग असा की, रस्त्यावर एक कामकरी दारू पिऊन पडला होता. लोक वळसा घालून जात होते. लुई यांनी त्याला उठविले, त्याची हत्यारांची पेटी एका हातात घेतली, दुसरा हात त्याच्या काखेत घातला आणि त्याला घरापर्यंत पोचविले. वाटेत त्यांनी त्याला प्रेमाने चार शब्द ऐकविले. आपल्या गावात दारूने काय केले आहे हे आम्ही सांगण्याचे कारण नाही. दारूविरुद्ध प्रवचन आम्ही वर्षातून दोनदा तरी करतो. पेटी उचलण्याचा प्रसंग मात्र आमच्यावर क्वचित आला, आणि आला तेव्हा आम्ही सायकलवाल्या पोरास हाक मारली हे कबूल केले पाहिजे.

28 ऑगस्ट 1877 रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. लुई चोपन्न वर्षांचे होते आणि पदरी पाच मुली. थोरली मारी सतरा वर्षांची, धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची. झेलीचे भाऊ इझिदोर हे लिझ्यू या गावी औषधांचे दुकान चालवीत. त्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली मुली वाढाव्यात अशी मामांची सूचना होती. आता लुई यांचे बहुतेक आयुष्य आलांसों येथे गेलेले. त्यांची वृद्ध आई तेथे होती, मित्र तेथे, नदी तेथे, पत्नीची आणि चार लेकरांची माती तेथे. लिझ्यूमध्ये त्यांचे असे काहीच नव्हते. मुलींना त्यांनी विचारले आणि हेही सांगितले की तुमच्या मनात नसेल तर राहू द्या. मुलींच्या हिताचे काय हे त्यांना दिसत होते. त्याच नोव्हेंबर महिन्यात कुटुंब लिझ्यूला गेले. पुरुषाने मुलाबाळांसाठी परदेशी जाऊन पैसा मिळविणे आपण जाणतो, आणि आखाती देशांत किंवा बोटीवर गेलेले किती बाप या सभेत आज नाहीत हेही आम्ही जाणतो. पण पन्नाशीनंतर, काही मिळविण्यासाठी नव्हे, तर केवळ मुलींच्या केसांवरून मामीचा हात फिरावा म्हणून आपली सारी मुळे उपटून घेणे, याला आम्ही मोठे दान म्हणतो. या दानाची पावती कोणी फाडत नाही.

लिझ्यूच्या त्या घराचे नाव ब्विसोने. तेथील दिवस तेरेजाने इतके गोड वर्णिले आहेत की वाचणाराला त्या घरात एकदा जाऊन यावेसे वाटते. संध्याकाळी बाप लेकींना गोष्टी वाचून दाखवी, गाणी म्हणे, आणि मग सर्व मिळून प्रार्थना करीत. दर सोमवारी दाराशी गरीब येत, आणि वाटण्याचे काम मुलींच्या हाती असे. तेरेजा वडिलांना 'राजा' म्हणे आणि ते तिला 'छोटी राणी' म्हणत.

नंतर लेकी निघू लागल्या. 1882 च्या ऑक्टोबरात पोलिन कार्मेल मठात गेली. 1886 च्या ऑक्टोबरात मारी गेली; ती तर घर चालविणारी थोरली. 1887 च्या मे महिन्यात लुई यांना अर्धांगवायूचा पहिला झटका आला. त्याच महिन्याच्या 29 तारखेस, पेंटेकॉस्टच्या सणाच्या संध्याकाळी, चौदा वर्षांची तेरेजा बागेत त्यांच्याजवळ येऊन बसली आणि रडत रडत तिनेही आपली इच्छा सांगितली. त्यांनी एवढेच म्हणून पाहिले की तू अजून लहान आहेस. मग होकार दिला. दोघे फिरू लागली. भिंतीपाशी एक लहानसे पांढरे फूल होते. ते त्यांनी काढून तिच्या हाती दिले आणि देवाने ते किती काळजीने जपले आहे हे सांगितले. फूल हाती घेतल्यावर तेरेजाने पाहिले की ते मुळासकट निघाले होते. ते तिने आपल्या पुस्तकात ठेवले.

लग्नात मुलीची पाठवणी करताना ज्यांचे पाय लटपटले ते बाप या सभेत आहेत. त्यांना आम्ही काय सांगावे!

लुई तेथेच थांबले नाहीत. बिशप महाशयांनी तिच्या कोवळ्या वयाकरिता अनुमती देण्यास विलंब लावला, तेव्हा ते स्वतः मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. आणि नोव्हेंबरात तिला रोमला घेऊन गेले, जेथे 20 नोव्हेंबर 1887 रोजी तिने पोप तेराव्या लिओंच्या पायाशी गुडघे टेकून आपली विनंती केली. बाप मुलीच्या स्थळासाठी उंबरे झिजवितो. हा बाप मुलगी आपल्यापासून दूर जावी म्हणून उंबरे झिजवीत होता. 9 एप्रिल 1888 रोजी ती मठात गेली.

त्याच सुमारास लिझ्यूच्या कॅथीड्रलात नवी मुख्य वेदी हवी होती. लुई यांनी त्यासाठी दहा हजार फ्रँक दिले. आम्ही हा आकडा मुद्दाम सांगितला, कारण आपल्याही देवळाच्या दाराशी देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी दगड या महोत्सवानिमित्त बसविला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु बंधूंनो, त्या वर्षी लुई यांनी दुसरेही एक दान केले. ते आलांसोंला गेले असता तेथील देवळात त्यांना इतके समाधान वाटले की, त्यांनी देवास सांगितले, मी फार सुखी आहे, असा स्वर्गात जाणे बरे नव्हे; मला तुझ्यासाठी काही सोसावयाचे आहे. ही गोष्ट त्यांनी मठाच्या भेटीच्या खोलीत लेकींना सांगितली.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही भाषणात शोभेल. ज्यासाठी आम्ही हे चरित्र निवडले ते यापुढे आहे.

1888 च्या जून महिन्यात एके दिवशी लुई घरातून नाहीसे झाले. चार दिवस पत्ता नव्हता. अखेर ते ल हाव्र या बंदरी सापडले. त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत चालल्या होत्या. बरे दिवस येत, पुन्हा विसर पडे, भास होत. 10 जानेवारी 1889 रोजी तेरेजाला मठाचा झगा देण्यात आला, तेव्हा ते इतके चांगले होते की तिचा हात धरून तिला देवळात घेऊन गेले. तिला तो दिवस त्यांच्या विजयाचा वाटला. त्यानंतर एका महिन्याच्या आत त्यांना असा भ्रम झाला की युद्ध पेटले आहे आणि शत्रू घरावर येत आहेत. लेकींच्या रक्षणासाठी त्यांनी पिस्तूल हाती घेतले. घरात लेकी आणि मोलकरीण. 12 फेब्रुवारी 1889 रोजी त्यांना काँ या शहरातील मनोरुग्णांच्या मोठ्या इस्पितळात ठेवण्यात आले. ज्याला सारा गाव वाटेत टोपी काढून नमस्कार करी, त्याचे नाव आता लोक वेड्यांच्या यादीत घेऊ लागले. ते तेथे तीन वर्षांहून अधिक काळ राहिले.

आणि लोक काय म्हणाले? लोक म्हणाले, मुलींनी बापाचे डोके फिरविले. एकामागून एक मठात निघून गेल्या, त्यात ती लाडकी धाकटी, मग दुसरे काय होणार! ही बोलणी मठाच्या जाळीपर्यंत पोचत. सेलीन व लेओनी या दोघी मुली वडिलांच्या जवळ असावे म्हणून काही महिने त्याच शहरात जाऊन राहिल्या; आठवड्यातून एकदा भेट मिळे.

इस्पितळात असताना मन निवळले की लुई यांना आपण कोठे आहोत हे कळत असे. डॉक्टरांपाशी ते एकदा बोलले की, आपल्याला आजवर हुकूम करण्याची सवय होती आणि आता पाळावा लागतो; परंतु देवाने ही परीक्षा का दिली ते आपण जाणतो: आयुष्यात आपला कधी अपमान झाला नव्हता, आणि एक व्हावयास हवा होता. हे शब्द संताचे आहेत. मात्र त्यांच्या पाठोपाठ दुसरा प्रसंग सांगितला नाही तर आम्ही त्या मनुष्यावर अन्याय करू. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्यांच्या हाती देण्यासाठी त्यांची सही घेण्यास कायद्याची मंडळी आली. ही लेकींचीच इच्छा आहे असे त्यांना भासले. तेव्हा ते हुंदके देऊन म्हणाले की, माझी मुलेच मला टाकून देत आहेत. त्यांनी सही केली. मुलींनी काहीही टाकले नव्हते, व्यवस्था आवश्यकच होती. परंतु त्या क्षणी त्यांच्या मनाला तसे वाटले. ज्याने आजवर सर्वांना दिले, त्याच्या हातून देण्याचा अधिकारच गेला. आता त्याला कोणी भरवील तर खावयाचे, कोणी नेईल तिकडे जावयाचे. संत पेत्रास प्रभूने त्याच्या म्हातारपणाविषयी जे सांगितले होते ते तुम्ही संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी वाचले आहे.

मघाशी आम्ही म्हटले की ही पाने आम्हांस अलीकडे पुन्हा वाचावी लागली. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्ही घरे आशीर्वादित करीत फिरत होतो. एका घरात सर्व खोल्यांवर पवित्र पाणी शिंपडून झाले. मागच्या एका खोलीचे दार लावलेले होते. घरची सून पुढे होऊन म्हणाली, "फादर, ती राहू द्या, तिथे अडगळ आहे." आतून कोणीतरी खोकले. आम्ही ऐकले. सुनेने आम्ही ऐकलेले पाहिले. आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. त्या घरच्या म्हाताऱ्या बाबांना आम्ही पूर्वी ओळखीत होतो. पाडव्याला पहिला पेढा आम्हांस आणून देणारा, शाळेच्या पोरांची फी गुपचूप भरणारा तो गृहस्थ. त्यांचे पुढे काय झाले हे आम्ही कोणास विचारले नव्हते, कारण विचारले असते तर घरच्यांना लाज वाटली असती, असे आम्ही आपल्या मनाचे समाधान केले. सहा महिन्यांनी आम्ही त्यांना माती दिली. प्रवचनात आम्ही त्यांच्या उदारपणाविषयी पुष्कळ बोललो. मंडळींनी त्याची वाखाणणी केली. त्या रात्री आम्ही तेरेजाचे पुस्तक पुन्हा उघडले.

आम्ही त्या सुनेला दोष देत नाही. रात्ररात्र जागणे, कपडे बदलणे, दार उघडे राहिले तर म्हातारा रस्त्यावर जाईल ही धास्ती, आणि वर शेजाऱ्यांची बोलणी. हे ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. लुई यांनाही घरी ठेवणे शक्य नव्हते म्हणूनच इस्पितळात ठेवावे लागले, आणि ज्यांनी ठेवले त्यांनी पाप केले नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. तेरेजाने वडिलांच्या या दुखण्यास लाज मानली नाही. ती त्याला घराची दौलत मानीत असे. लाज मानली ती गावाने. बंद दार सुनेने लावले होते हे खरे. परंतु ते लावण्याची पाळी तिच्यावर आणली ती आम्ही सर्वांनी, ज्यांनी विचारले नाही आणि ज्यांनी चवीने विचारले, दोघांनीही.

1892 च्या मे महिन्यात लुई यांचे पाय पूर्ण लुळे पडले; आता ते कोठे निघून जातील ही भीती उरली नाही, म्हणून 10 तारखेस त्यांना लिझ्यूला घरी आणण्यात आले. सेलीनने त्यांची शुश्रूषा केली. 12 तारखेस त्यांना मठात नेण्यात आले. चार वर्षांपूर्वी गेलेली तेरेजा, मारी आणि पोलिन जाळीपलीकडे उभ्या होत्या. ते फारसे बोलू शकत नव्हते. निरोप घेताना त्यांनी बोट वर केले, बराच वेळ तसेच धरून ठेवले, आणि डोळ्यांत अश्रू आणून एवढेच म्हणाले की, स्वर्गात. लेकींची व त्यांची ती शेवटची भेट. 29 जुलै 1894 रोजी, रविवारी, ते देवाघरी गेले. सेलीन जवळ होती. त्याच सप्टेंबरात तीही कार्मेल मठात गेली.

18 ऑक्टोबर 2015 रोजी, रोममध्ये कुटुंबाविषयी बिशपांची महासभा चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली यांना एकत्रच संत म्हणून घोषित केले. पतिपत्नीच्या जोडप्यास एकत्र संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांचा सण 12 जुलै रोजी असतो. ख्रिस्तसभेने संत म्हणून निवडलेल्या या बापाच्या आयुष्यातील तीन वर्षे मनोरुग्णांच्या इस्पितळात गेली, आणि ती वर्षे कोणी झाकून ठेवली नाहीत.

आता व्यवस्थेची एक गोष्ट, आणि मग चहा तयार आहे. परवाच्या महोत्सवाच्या मिस्सेसाठी चालकांनी पहिल्या दोन ओळी देणगीदारांसाठी राखल्या होत्या. आम्ही त्यांच्याशी बोललो आहोत. देणगीदार मंडळींनी मोठ्या मनाने तिसऱ्या ओळीपासून बसण्याचे कबूल केले आहे. पहिल्या दोन ओळींत पंखे आहेत व वेदीच्या बाजूचे दार जवळ आहे. चाकांची खुर्ची तेथून सहज आत येते. ज्यांच्या घरी असे वडील, असे आजोबा किंवा अशा आजीबाई आहेत, त्यांनी त्यांना घेऊन यावे. मध्येच कोणी मोठ्याने बोलले, उठून चालू लागले, तरी मिस्सा थांबणार नाही व कोणी मागे वळून पाहणार नाही, हे आम्ही तुमच्या सर्वांच्या वतीने त्यांना कळवितो. संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेची मुले गाडी घेऊन घरी येतील. ज्यांना आणणे शक्यच नाही त्यांची नावे आज जाताना आमच्याकडे द्यावी. मिस्सा आटोपल्यावर आम्ही कम्युनियन घेऊन स्वतः येऊ. मागच्या खोलीतही येऊ. पहाटे पहिली मिस्सा सहा वाजता आहे. नावे त्याच्या आत मिळावी.